मुंबईत हॉटेलवरून एअरपोर्टला जाताना जास्तीचं भाडं कसं टाळायचं

लग्नाला, ऑफिसच्या कामाला, टाटा हॉस्पिटलमध्ये कुणाला दाखवायला म्हणून बाहेरगावची माणसं मुंबईत येतात, दादरला नाहीतर फोर्टात हॉटेलवर उतरतात, आणि परत जाताना एअरपोर्टच्या गाडीला हजार, बाराशे, कधी पंधराशे देऊन जातात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं. मुंबईत टॅक्सी आणि रिक्षा दोन्ही मीटरवर चालतात, दर सरकारने ठरवून दिलेले आहेत, आणि तेच अंतर मीटरने जवळपास निम्म्या पैशात होतं.

जास्तीचे पैसे जातात ते हॉटेलच्या दारात. चेकआउट झालेलं असतं, बॅगा खाली आलेल्या असतात, फ्लाइटची वेळ डोक्यात फिरत असते, आणि रिसेप्शनवरचा माणूस विचारतो टॅक्सी बोलावू का, आपण घाईत हो म्हणतो, जी गाडी येते ती 'फिक्स'ची, म्हणजे मीटरशिवाय ठरलेल्या भाड्याची असते आणि त्या क्षणी घासाघीस करायला वेळही नसतो आणि मनही होत नाही. म्हणून सगळं आदल्या रात्री ठरवून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली गोष्ट, तिकिटावर टर्मिनल बघा. बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून पक्कं बसलंय की देशातली फ्लाइट म्हणजे सांताक्रूझ (टर्मिनल 1, टी-1) आणि परदेशातली म्हणजे सहार (टर्मिनल 2, टी-2). तसं आता नाहीये, देशातल्या कितीतरी फ्लाइट सहारच्या टी-2 वरूनच सुटतात. चुकीच्या टर्मिनलला उतरलात तर मधलं चार-पाच किलोमीटरचं अंतर परत गाडीने, आणि तेव्हा घाईत कोण किती मागेल ते देणं आलंच. आता तर तिसरा प्रकारही आहे, 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय. तिकिटावर विमानतळाचा कोड बीओएम (BOM) असेल तर आपलं नेहमीचं, एनएमआय (NMI) असेल तर नवी मुंबईत उलव्याला जायचंय, ती पूर्ण वेगळी दिशा. फोर्टातून तिकडे अटल सेतूने गेलात तर कारला एका बाजूचा टोल 250 रुपये, तो धरूनच हिशोब करा. वाशीच्या टोलचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका, मुंबईच्या पाचही एंट्री पॉइंटवर छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्येच बंद झालाय.

आता भाड्याचा हिशोब, हा एकदा समजून घेतला की कुणी फसवू शकत नाही. 1 फेब्रुवारी 2025 पासून काळ्या-पिवळ्या साध्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 31 रुपये आणि पुढे किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे. रिक्षाचं 26 रुपये आणि पुढे 17 रुपये 14 पैसे. मोबाइलच्या मॅपवर हॉटेल ते टर्मिनल किती किलोमीटर ते बघायचं, त्यातून दीड वजा करायचं, उरलेल्याला दराने गुणायचं, वर 31 मिळवायचे. समजा सीएसएमटीजवळून टी-2 चोवीस किलोमीटर दाखवतंय, तर साडेबावीस गुणिले 20.66 म्हणजे 465, अधिक 31, झाले 496. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की वेटिंगचे पैसे वाढतात, म्हणून साडेपाचशे-सहाशे धरून चाला. दादरहून चौदा किलोमीटर धरलं तर तीनशेच्या आत-बाहेर. रात्री 12 ते पहाटे 5 मध्ये पाव भाडं जास्त, ते नियमातच आहे, त्यावरून ड्रायव्हरशी भांडू नका. सी लिंकने गेलात तर कारचा एका बाजूचा टोल 100 रुपये आपण द्यायचा, पण परतीचा टोल पण द्या म्हणाला तर तो द्यायचा नाही. कोस्टल रोडला टोल नाही. कूल कॅबचा, म्हणजे एसी टॅक्सीचा दर साध्या टॅक्सीपेक्षा जास्त असतो, बसायच्या आधी गाडी कुठली ते बघा.

पण खरं सांगू का, फोर्ट, चर्चगेट, गिरगाव, दादर, वरळी, बीकेसी या पट्ट्यात हॉटेल असेल तर आधी मेट्रो 3 चा विचार करा. ऑक्टोबर 2025 मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, टी-1 आणि टी-2 दोन्हीला आपापलं स्टेशन आहे, आणि आरे ते कफ परेड या टोकापासून त्या टोकापर्यंतचं तिकीट 70 रुपये, म्हणजे आपलं त्याच्या आतच. संध्याकाळी पाच ते नऊ वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर गाड्या अक्षरशः रांगतात, तेव्हा टॅक्सीत बसून मीटर वाढताना बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवेला पाणी भरलं की ॲपवाल्या गाड्यांचे भाव चढतात, मिळतही नाहीत, तेव्हाही तेच. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, बॅगा ओढत नेता येतात, फक्त बॅग स्कॅनला थांबावं लागतं आणि स्टेशनवरून टर्मिनलपर्यंत थोडं चालणं आहे, तेवढा वेळ हाताशी ठेवा. जमिनीखाली मोबाइल नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, तिकीट वरच काढा. सकाळी सहाच्या सुमाराला सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या आसपास शेवटच्या गाड्या, त्यामुळे पहाटेच्या फ्लाइटला उपयोग नाही. मध्यरात्री दोनच्या आंतरराष्ट्रीय फ्लाइटला मात्र चालते, कारण तुम्हाला तसंही अकराच्या आत पोचायचंच असतं, नऊ-सव्वानऊला निघा.

टॅक्सीनेच जायचं असेल तर हॉटेलच्या गेटसमोर लावून ठेवलेली गाडी शक्यतो सोडा. थोडं चालत मोठ्या रस्त्यावर या आणि चालती टॅक्सी थांबवा. बॅगा डिकीत टाकायच्या आधी विचारायचं, "दादा, टी-2 ला मीटरने येणार ना?" मराठीत विचारा, सरळ विचारा. हो म्हणाला तर बसा, बसल्यावर मीटर टाकलाय आणि आकडा सुरुवातीच्या भाड्यावर आहे हे बघा. सहाशे-सातशेचा फिक्स सांगितला तर नको म्हणून पुढच्या टॅक्सीला हात करा. मुंबईतले बरेच टॅक्सीवाले मीटरने नेतात, एक-दोघांनी नाही म्हटलं म्हणून हताश होऊ नका. एकदा बॅगा आत गेल्या की मात्र बोलणी अवघड होतात, म्हणून क्रम सोडू नका. मीटर बिघडलाय म्हणाला तर उतरा. सोडायला आलेल्या गाडीच्या एअरपोर्ट पार्किंगचे म्हणून वेगळे पैसे मागितले तर तेही देऊ नका, गाडी उभी करून ठेवायची नसते, उतरवून निघायची असते.

ॲपवाल्या गाड्यांचं म्हणाल तर दोन-तीन ॲप उघडून भाव बघा, आणि आपण काढलेला मीटरचा आकडा बाजूला ठेवून तुलना करा. कधी ॲप स्वस्त पडतं, कधी दुप्पट. सकाळची ठरलेली वेळ असेल तर आदल्या रात्री शेड्यूल करून ठेवा पण त्यावरच विसंबू नका, तासभर आधीपासून मॅपवर गाडी निघालीये का ते बघत राहा. ड्रायव्हरचा फोन येतो, कुठे जायचंय, कॅश आहे का, मग म्हणतो राइड कॅन्सल करा, मी तेवढ्यातच सोडतो. असं करू नका. ॲपमधून बाहेर पडलात की भावाची नोंद राहत नाही, तक्रारीलाही जागा राहत नाही, आणि एकटी बाई किंवा म्हातारी माणसं असतील तर गाडी कुठे चाललीये हेही घरच्यांना दिसत नाही.

अंधेरी-कुर्ला रोड, मरोळ, सहार या भागात हॉटेल असेल तर त्रास वेगळा असतो. अंतर दोन-तीन-चार किलोमीटर, त्यामुळे रिक्षावाला नको म्हणतो किंवा सरळ दोनशे मागतो, आणि माणूस म्हणतो जाऊ दे दोनशेच तर आहेत. पण मीटरने साडेचार किलोमीटरचे साधारण 77 रुपये होतात. आधी रिसेप्शनला विचारा एअरपोर्टला सोडणारी फ्री गाडी आहे का. त्या भागातल्या बऱ्याच हॉटेलांकडे असते पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि सीट आदल्या रात्री सांगून ठेवावी लागते. नाहीतर मरोळ नाक्याला मेट्रो 1 आणि 3 एकत्र येतात, तिथून टी-2 पुढचंच स्टेशन. रिक्षा सहारच्या एलिव्हेटेड रोडवरून जाऊ शकत नाही, खालच्या रस्त्याने जाते, म्हणून लिफ्टने वर डिपार्चरला यायला पाच-दहा मिनिटं जास्त धरा. आणि माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षाच नसते, दादर-फोर्टात रिक्षा शोधण्यात वेळ घालवू नका.

हॉटेलची गाडी घ्यायचीच नाही असं माझं म्हणणं नाही. सोबत आजारी माणूस असेल, पहाटे तीनला निघायचं असेल, लहान मुलं आणि चार बॅगा असतील तर जास्त पैसे देऊन पक्की गाडी सांगणं बरोबरच आहे. फक्त भाव आदल्या रात्री विचारा, टोल आणि रात्रीचा चार्ज धरून किती ते स्पष्ट बोलून घ्या आणि मेसेजवर लिहून मागा, म्हणजे उतरताना वर आणखी काही निघत नाही.

कुणी भाडं नाकारलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 178 खाली तो गुन्हा आहे, मीटरपेक्षा जास्त पैसे घेतले तर त्याचीही तक्रार करता येते. फ्लाइट सोडून तिथे वाद घालत बसू नका. गाडीच्या नंबर प्लेटचा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, वेळ आणि जागा लिहून ठेवा, आणि गेटवर बसल्या बसल्या आरटीओला तक्रार टाका. नंबर एमएच 01 असेल तर ताडदेव, 02 असेल तर अंधेरी, 03 असेल तर वडाळा, 47 असेल तर बोरिवलीचं ऑफिस.