सीमाभागात पहिली नेमणूक: तरुण मिशनरीने गावात पहिलं वर्ष कसं काढावं

बदलीचं पत्र हातात पडतं आणि त्यात खानापूर, नंदगड, लोंढा किंवा निपाणीकडचं एखादं गाव लिहिलेलं असतं. तुम्ही वसईचे असा, गोव्याचे असा की केरळचे, या भागात तुम्ही नवखेच. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला, पण इथल्या कित्येक घरांतली श्रद्धा त्याहून जुनी आहे. ती माणसं तुमची वाट बघत असतात आणि तुम्हाला नीट निरखतही असतात. हा लेख तरुण फादरसाठी लिहिला असला तरी सिस्टरना आणि इतर मंडळ्यांच्या पाळकांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. पहिलं वर्ष घरं फिरण्यासाठी ठेवा. नवा हॉल, नवं गायनपथक, मिस्साची बदललेली वेळ, हे सगळं दुसऱ्या वर्षी बघता येईल. १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं, ५२९ वं कलमही धर्मगुरूला हेच सांगतं: आपल्या माणसांना ओळखा, त्यांच्या घरी जा, त्यांच्या काळज्यांत आणि दुःखात सहभागी व्हा.

मृग निघायच्या आत पोचा

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पाऊस एकदा धरला की आठवडे सोडत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी सामान नेऊन टाका. घर कौलारू असेल तर कौलं चाळून घ्या. महिनाभराचे तांदूळ, डाळ, जळण किंवा भरलेला सिलिंडर, टॉर्च आणि मेणबत्त्या घरात असू द्या. वीज हेस्कॉमची आहे. गावच्या लाइनमनचा फोन नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. सर्पदंशावरचं औषध जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं याची चौकशीही तेव्हाच करा. शेतात राबणाऱ्या माणसांमध्ये तुम्ही राहणार आहात, आणि रात्री-अपरात्री गाडी घेऊन निघायची वेळ तुमच्यावर येऊ शकते.

दप्तर समजून घ्या

आधीचे फादर निघून जाण्याआधी त्यांच्यासोबत दोन-तीन दिवस मिळाले तर सोन्याहून पिवळं. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या त्यांच्याबरोबर बसून वाचा. कोणत्या वाडीत कोणती आडनावं, कोणाची सोयरीक कुठे, गेल्या पाच वर्षांत कोणाच्या घरी मयत झाली, हे सगळं त्यात असतं. वह्या लोखंडी कपाटात ठेवा आणि कपाट भिंतीला चिकटवू नका, कारण पावसाळ्यात भिंती पाझरतात आणि जुन्या कागदाला बुरशी लागते.

चर्च, शाळा आणि दफनभूमी यांच्या जमिनीचे उतारे वेगळे काढून बघा. कर्नाटकात ते आरटीसी किंवा पहाणी म्हणून मिळतात आणि कन्नडमध्ये असतात. गावच्या एखाद्या शिक्षकाला सोबत घेऊन सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि उताऱ्यावरचं नाव तपासा. दफनभूमीच्या बांधावरून वाद होतात, आणि नेमके कोणाचं तरी दुःख ताजं असताना होतात. कागद आधीच हाताशी असेल तर त्या घरावर आणखी एक भार पडत नाही.

रोकड पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे चर्चच्या कारभारात मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या, दोघांसमोर मोजून सही घ्या.

घरं फिरायला लागा

सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा नाजूक आहे. पहिला चहा तुम्ही कोणाच्या घरी घेतलात हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. म्हणून आधी आजारी माणसं आणि वर्षभरात मयत झालेली घरं घ्या. त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. मग एक वाडी धरा आणि टोकापासून टोकापर्यंत एकही घर न गाळता जा. चर्चला न येणाऱ्याचं घर, दारूमुळे बदनाम झालेलं घर, शेताच्या पलीकडचं एकटं घर, यातलं कोणतंही सोडायचं नाही. मला विचाराल तर अशाच घरांसाठी तुमची नेमणूक झालेली असते.

वेळ बघून जा. डेअरीला दूध घालून माणसं घरी परततात, तेव्हा संध्याकाळी सातच्या पुढे बसायला सवड असते. मे महिन्यात धूळवाफ पेरणीची घाई असते आणि पाऊस लागल्यावर रोप लावणीची. त्या दिवसांत घरी कोणी नसलं तर रागावू नका, बांधावर जाऊन भेटा. ऊसपट्ट्यात कारखान्यांचं गाळप सुरू झालं की तोडीच्या आणि वाहतुकीच्या मागे घरातले पुरुष रात्रीचेही बाहेर असतात. खानापूरकडची बरीच तरुण मुलं गोव्यात कामाला आहेत. ती सुट्टीला आली की त्यांना मुद्दाम गाठा, कारण आई-वडिलांना न सांगितलेल्या गोष्टी ती तुम्हाला सांगतील.

एका संध्याकाळी दोन-तीन घरांपेक्षा जास्त नकोत. सोबत कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारा) किंवा कौन्सिलचं कोणी असू द्या. घरात बाई एकटी असेल तर अंगणातच बसा. मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग उघड्या दाराच्या खोलीत आणि दोन मोठ्या माणसांच्या उपस्थितीत घ्या. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

"बसा की फादर, चहा घेऊन जावा" असं म्हटलं की बसायचं. अर्धा कप मागा, पण नको म्हणू नका. वयाने मोठ्यांना मामा, मावशी, अण्णा, अक्का म्हणा. तुम्ही पंचविशी-तिशीतले आणि समोरची मावशी सत्तरीची असली तरी ती तुम्हाला 'अहो फादर'च म्हणेल. तो मान तुमच्या पदाचा आहे, म्हणून तिच्यापुढे शिकवायच्या सुरात बोलू नका.

बोलायचं काय? मुलं कोणत्या शाळेत, मराठी की कन्नड माध्यमात, हे विचारा. पाणी कुठून आणता? कोणाला दवाखान्यात दाखवायचं राहिलंय का? मग प्रार्थना करायची का असं विचारा आणि हो म्हणाले तर थोडक्यात करा. वही त्यांच्यासमोर काढू नका. घरी आल्यावर घराचं नाव, माणसं आणि काळजी एवढं लिहून ठेवा. पुढच्या भेटीत नातवाचं नाव घेऊन विचारपूस केलीत तर त्या घरातलं परकेपण निम्मं संपतं.

या फिरण्यातूनच पैशाच्या मागण्या येतात: शाळेची फी, बेळगावच्या केएलई हॉस्पिटलचं बिल, लेकीचं लग्न. खिशातून उसने देऊ नका. मदतीचा निर्णय कौन्सिलच्या मदत समितीतून होऊ द्या आणि पावती ठेवा. पण पेशंटसोबत बेळगावला जायला कधी नाही म्हणू नका. ओपीडीच्या रांगेत ओळखीचं कोणी सोबत असणं हीच त्या माणसासाठी मोठी मदत असते.

दोन्ही भाषा, आणि नोव्हेंबरची पहिली तारीख

मिस्सा मराठीत असो, कोंकणीत असो की कन्नडमध्ये, लोक ज्या भाषेत प्रार्थना करत आले आहेत तिला हात लावू नका. तुमची मराठी पक्की असली तरी पहिल्या महिन्यापासून कन्नड अक्षरं शिकायला घ्या. गावच्या बसच्या पाट्या, तहसीलदार कार्यालयातले अर्ज, पोलीस ठाण्यातले कागद कन्नडमध्येच असतात. कन्नड शिकताना कोणाला खटकलं तर शांतपणे सांगा की माझ्या मंडळीत दोन्ही भाषांची माणसं आहेत.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि सीमाप्रश्न आजही सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबरला सरकारी पातळीवर राज्योत्सव असतो आणि मराठी संघटना काळा दिन पाळतात. त्याच दिवशी आपला सर्व संतांचा सण येतो, आणि दुसऱ्या दिवशी माणसं थडग्यांवर फुलं ठेवायला येतात. म्हणून १ तारखेची मिस्सा सकाळी लवकर ठेवा, म्हणजे फेऱ्या आणि मिरवणुका सुरू व्हायच्या आत लोक घरी पोचतात. चर्चचं मैदान किंवा हॉल त्या दिवशी कोणत्याही बाजूला देऊ नका. १७ जानेवारीला सीमाभागात हुतात्मा दिन पाळतात, तेव्हाही तेच. व्हॉट्सअॅपवर या विषयाचा एक शब्दही पुढे पाठवू नका. इथल्या माणसांच्या भावना खऱ्या आहेत आणि ज्यांच्या घरातून माणूस गेला त्यांचं दुःखही खरं आहे. घरी बसून कोणी सांगू लागलं तर पूर्ण ऐका. व्यासपीठावर मात्र जाऊ नका.

गावाला तुमचं काम माहीत असू द्या

पहिल्या पंधरवड्यात पंचायत, शाळेचे हेडमास्तर, सरकारी दवाखाना आणि पोलीस ठाणे इथे स्वतः जाऊन ओळख करून द्या. शेजारच्या देवळाच्या पुजाऱ्यांना आणि मशिदीच्या लोकांनाही भेटा. तुम्ही कोण, कुठले, काय काम करणार, हे तुमच्याच तोंडून कळलं तर तर्कवितर्कांना जागा उरत नाही.

धर्माच्या बाबतीत सगळं उघड असू द्या. मदत आणि प्रार्थना एकाच पिशवीतून वाटू नका. तांदूळ द्यायचे तर धर्म न बघता द्या, आणि त्या दिवशी पुस्तिका नेऊ नका. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना गोळ्या बंद करा असं कधीही सुचवू नका. उलट, गोळी घेतली का ते विचारा. राज्यघटनेचं २५ वं कलम धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन राहून. कर्नाटकाने २०२२ मध्ये धर्मांतराबाबत स्वतंत्र कायदाही केला. त्याची आजची स्थिती धर्मप्रांताच्या वकिलांकडून समजून घेतल्याशिवाय कोणाच्याही बाप्तिस्म्याची तयारी सुरू करू नका. घरगुती प्रार्थनासभेला लाउडस्पीकर नकोच.

स्वतःला सांभाळा

एकटेपणा येतो तो बहुधा ऑगस्टमध्ये. बाहेर पाऊस, रस्त्यावर चिखल, संध्याकाळी वीज नाही. सकाळच्या प्रार्थनेची वेळ काही झालं तरी मोडू नका. स्वयंपाकाला मावशी मिळाल्या तरी भात, आमटी आणि भाकरी स्वतःला करता आली पाहिजे. महिन्यातून एक दिवस बेळगावला कॅम्प भागात फातिमा कॅथेड्रलकडे जा, इतर फादरना भेटा आणि कुमसार (पापांची कबुली) करा. मन खचलं असेल तर ते बिशपना किंवा वरिष्ठांना वेळेवर सांगा, लपवून ठेवू नका.

वर्ष भरताना

घरभेटींची वही घेऊन कौन्सिलपुढे बसा. कोणाची खासगी गोष्ट न सांगता, पुन्हा पुन्हा आलेल्या काळज्या वाचून दाखवा: मुलींची कॉलेजला जायची बस, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे कन्नड अर्ज, दारू. त्यातलं आधी काय हाती घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या. दुसऱ्या वर्षासाठी एकच काम घ्या, त्याची जबाबदारी गावातल्याच दोघांवर सोपवा आणि खर्च लेखी मंजूर करून घ्या.