घरून काम करताना दिवसातले लहान आनंद कसे जपावेत

ऑफिसला जाणाऱ्याचा दिवस घरातून निघणे, डबा उघडणे, परतीची वाट अशा टप्प्यांनी आपोआप विभागला जातो. घरून काम करणाऱ्याला हे टप्पे स्वतःच पाडावे लागतात. गेली चार वर्षे मी नागपुरात आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून काम करतो आहे, आणि माझा अनुभव असा की प्रत्येक टप्प्याला एखादी आवडती गोष्ट ठरलेल्या वेळी बांधून ठेवली, तरच ती घडते. "जमेल तेव्हा करू" म्हटले की ती राहून जाते.

सकाळचा नाश्ता टेबलावर, संगणकासमोर कधीही करू नये. आठवड्यातून एकदा तरी, शक्यतो बुधवारी, तर्री पोहे करावेत. त्यासाठी आदल्या रात्री हरभरे भिजत घालावे लागतात, आणि ते भिजत घालतानाच उद्याच्या सकाळची ओढ लागते, हा त्यातला मला विशेष प्रिय असलेला भाग. पोहे कोरडे वाढून घेऊन झणझणीत रस्सा वरून आपल्या हाताने घालावा आणि पहिल्या कॉलच्या निदान अर्धा तास आधी खायला बसावे, म्हणजे घाई होत नाही.

उन्हाळ्याची तयारी मात्र मार्चमध्येच करावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, आणि २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी रस्ते ओस पडतात. अशा दिवसांत कूलरसमोर बसून काम करता येणे हे घरून काम करणाऱ्याचे मोठेच सुख आहे. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे कूलरच्या ओल्या ताट्यांमधून, म्हणजे बाजूंना बसवलेल्या गवताच्या पडद्यांमधून, आत येताना पाण्याची वाफ होते, त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते आणि हवा गार होते. म्हणूनच समोरची एक खिडकी थोडी उघडी ठेवावी. बंद खोलीत दमट हवा साचते आणि तासाभरात गारवा नाहीसा होतो. परवडत असेल तर ताट्या वाळ्याच्या बसवाव्यात. पंप सुरू करून ताट्या नीट भिजेपर्यंत पंखा लावू नये. मग पंखा लावला की पहिल्या झोतासरशी पहिल्या पावसाच्या मातीसारखा जो वास खोलीभर पसरतो, त्यासाठी दोन मिनिटे काम बाजूला ठेवून डोळे मिटून बसावे. कूलर मीटिंगमध्ये आवाज करतो, तेव्हा मायक्रोफोन असलेले हेडफोन वापरावेत आणि बोलायचे नसेल तेव्हा आवाज बंद ठेवावा.

दुपारच्या जेवणाबद्दल एवढेच सांगतो की ते गरम असावे आणि घरात जो कोणी असेल त्याच्यासोबत व्हावे.

चारच्या सुमारास मन मरगळते. या वेळेला मी संत्र्याची वेळ म्हणतो. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची, फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, त्यामुळे वर्षातले बरेच महिने ही सोय गोकुळपेठेच्या बाजारातून होते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; पण त्याची खरी ओळख हाताला होते, कारण साल सैल असते आणि देठाजवळ अंगठा रोवताच ती सुटू लागते. सोलताना सालीतल्या तेलाचे बारीक तुषार उडतात; खिडकीतून येणाऱ्या उन्हात हात धरला तर ते दिसतातही. फोडी एकेक करून, पांढरे दोरे काढून खाव्यात, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि कीबोर्डला हात लावण्यापूर्वी बोटे धुवावीत.

संध्याकाळचा टप्पा ऋतूप्रमाणे बदलावा. जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, परंतु डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच. त्यामुळे हिवाळ्यात काम संपेपर्यंत थांबले तर अंधारच पदरी पडतो. या दिवसांत कॅलेंडरमध्ये पाच ते पावणेसहा हा वेळ आधीच अडवून ठेवावा आणि उरलेले काम परत आल्यावर करावे. फुटाळा किंवा अंबाझरी तलाव जवळ असेल तर काठापर्यंत चालत जावे, नसेल तर गच्ची पुरेशी आहे; अंगात स्वेटर आणि हातात चहाचा पेला असला की पाऊण तास सहज जातो.