सौरवादळाचा इशारा आला तर घरात काय तयार ठेवाल?

सौरवादळ म्हणजे सूर्यावरून निघालेला विद्युतभारित कणांचा ढग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळणं. आधी मनातली भीती काढून टाका. सौरवादळाने जमिनीवरच्या माणसाला इजा होत नाही, हातातला मोबाइलही जळत नाही. ‘रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद ठेवा, वैश्विक किरण येणार आहेत’ हा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आला, तर तो तिथेच थांबवा. फटका बसतो तो वीजवाहिन्यांना, उपग्रहांना आणि जीपीएसला. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांची वीज गेली आणि ती यायला नऊ तास लागले. मुंबई ध्रुवांपासून खूप लांब असल्यामुळे इथे तो धोका बराच कमी. तरी १२ ऑक्टोबर २०२०चा दिवस आठवा. कारण वेगळं होतं, पण वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. तशा एका दिवसापुरती तयारी करा.

इशाऱ्याची पायरी बघा: जी१ सर्वात सौम्य, जी५ सर्वात तीव्र. जी१, जी२ वादळं नेहमीचीच, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. जी४ किंवा जी५ असेल तरच उठा. सूर्यावरून निघालेला ढग इथे पोचायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात, म्हणजे वेळ मिळतो. पंप विजेवर चालतो, म्हणून गच्चीवरची टाकी आदल्या संध्याकाळीच भरून घ्या. पॉवर बँक आणि टॉर्च चार्ज करा. यूपीआयच्या भरवशावर न राहता पन्नास-शंभरच्या थोड्या नोटा घरात ठेवा. घरच्यांचे आणि डॉक्टरांचे नंबर वहीत लिहा. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर थंड पिशवी तयार हवी, पण कुपी बर्फाला टेकू देऊ नका; गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

समुद्रावर जाणाऱ्या तांडेलांना मात्र आवर्जून सांगा. जीपीएस चुकीची जागा दाखवू शकतं, तेव्हा बोटीत होकायंत्र हवंच. सौरवादळात चुंबकीय क्षेत्र हलतं म्हणून तेही बिघडेल, असं वाटेल, पण त्याचं उत्तर आपल्या कुलाब्यातच आहे. २ सप्टेंबर १८५९च्या महावादळात लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची नोंद करणारी प्रकाशरेषा कागदाबाहेर गेली, पण कुलाबा वेधशाळेतल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून, हाताने आकडे लिहून ठेवले. चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घट! आजही जगभरचे अभ्यासक त्या वादळासाठी मुंबईचे आकडे उघडतात, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. इतकी मोठी घटही इथल्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास होती, त्यामुळे आपल्याकडे होकायंत्राची सुई उत्तर दिशा सोडून भरकटत नाही. (पुढे विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदी १९०४मध्ये अलिबागला नेल्या, त्या तिथे अजून चालू आहेत.)

सौरवादळात दिसणारं रंगीत आकाश (ध्रुवीय प्रकाश) बघायला मुंबईत रात्रभर जागू नका. मे २०२४च्या वादळात ते लडाखच्या हानलेहून टिपलं गेलं. इथून दिसण्याची आशा जवळजवळ नाही.

वीज गेलीच, तर लिफ्टमध्ये कुणी अडकलंय का ते आधी बघा. मग फ्रिज, एसी आणि पंपाची बटणं बंद करा, आणि वीज परत आल्यावर दहा मिनिटं थांबून एकेक चालू करा.