डेटाबेस बंद पडला? आधी डिस्क बघा

नव्याने सर्व्हर सांभाळणाऱ्याला वाटतं, डेटाबेस बसला म्हणजे डेटाबेसमध्येच काहीतरी बिघडलं. पुष्कळदा भरलेली असते ती डिस्क. म्हणून लिनक्सवर लॉगिन केल्यावर आधी डिस्कवरची जागा दाखवणारी 'डीएफ' कमांड चालवा, 'एच' लावून. जागा शिल्लक दिसते तरी फाइल बनत नाही? मग 'आय' लावून बघा. लाखो बारीक सेशन फाइल्सनी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदीच्या जागा, संपवलेले असू शकतात.

खरी गफलत पुढे होते. दहा जीबीची लॉग फाइल 'आरएम' या फाइल पुसणाऱ्या कमांडने उडवली, तरी जागा मोकळी होत नाही. चालू प्रोसेसने फाइल उघडी धरलेली असते. नाव गेलं, डेटा तिथेच. उघड्या फाइल्स दाखवणाऱ्या 'एलएसओएफ'ने ती प्रोसेस शोधा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. त्यापेक्षा आधीच 'ट्रंकेट'ने फाइल शून्यावर आणणं बरं. कायमचा इलाज लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग आपोआप बाजूला करून काढून टाकणारं साधन.

मायएसक्यूएल डेटाबेसमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या बायनरी लॉगना मात्र 'आरएम' लावूच नका. ८.० पासून ते मुळातच चालू असतात आणि ३० दिवस साठतात. रेप्लिका, म्हणजे या लॉगवरून स्वतःला ताजा ठेवणारा दुसरा सर्व्हर, कुठपर्यंत पोचलाय ते पाहा, मगच जुने लॉग काढणारी 'पर्ज बायनरी लॉग्ज' आज्ञा द्या. मागे राहिलेल्या रेप्लिकाला हवी ती फाइल गेली, तर तो नव्याने उभा करावा लागतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हा धोका आणखी मोठा. तिथल्या 'पीजी एक्सलॉग' फोल्डरला, ज्यात डेटाबेस उठायला लागणाऱ्या बदलांच्या नोंदी असायच्या, साधे लॉग समजून लोक रिकामं करायचे आणि डेटाबेस उठायचाच नाही. म्हणून २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्याचं नाव 'पीजी वॉल' केलं.

नेटवर्कचं थोडक्यात: मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका, फक्त ॲप सर्व्हरच्या आयपीला परवानगी द्या. फायरवॉल चालू करण्याआधी दुरून लॉगिन करायचं एसएसएचचं पोर्ट खुलं करा आणि दुसरं सेशन उघडं ठेवा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.

आता बॅकअप. रोज रात्री त्याच डिस्कवर पडणारा डम्प (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) हा बॅकअप नव्हे, डिस्क भरण्याचं तेच एक मोठं कारण. तो दुसऱ्या मशीनवर न्या. मायएसक्यूएलच्या इनोडीबी प्रकारच्या टेबल्ससाठी डम्प काढताना 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्याय द्या, म्हणजे लिहिणं न अडवता एकाच क्षणाचं चित्र मिळतं. मग 'टेल' कमांडने डम्प फाइलची शेवटची ओळ वाचा. 'डम्प कम्प्लीटेड' आणि तारीख दिसली पाहिजे. मध्येच डिस्क भरली तर ती ओळ नसते. तरीही महिन्यातून एकदा तो डम्प रिकाम्या सर्व्हरवर चढवा, मुख्य टेबलांच्या ओळी मोजा आणि किती वेळ लागला तो लिहून ठेवा. सर्व्हर खरंच गेला की साहेब पहिला प्रश्न तोच विचारतात.