झाडीपट्टीत उतरण्यापूर्वी

बारावी विज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला मी डोळ्यांत काजळ घेऊन गेलो होतो. आदल्या रात्रीचे नाटक पहाटे पाचला संपले, खोबरेल तेलाने चेहऱ्यावरचा रंग पुसला, पण पापण्यांच्या कडांचे काजळ काही निघाले नाही, आणि शिक्षकांनी सगळ्या वर्गासमोर विचारले, "डॉक्टर व्हायचे आहे की नाच्या?" वर्ग हसला. पंधराच दिवसांपूर्वी हेच गृहस्थ आमच्या गावच्या नाटकाला पुढच्या खुर्च्यांत सहकुटुंब बसले होते.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत येऊ पाहणाऱ्यांनी हा दुटप्पीपणा आधी नीट समजून घ्यावा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू झाल्या की होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटके चालतात. वडशाच्या, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजच्या, नाटक कंपन्यांकडे गावोगावच्या मंडळांची माणसे तारखा पक्क्या करायला येतात, कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मंडप पडतो, सासुरवाशिणी माहेरी येतात. नाटकाच्या पाहुणपणात सोयरिकी जमतात. नाटकातल्या पोराला मात्र कोणी पोरगी देत नाही. माझी आजी हे एका वाक्यात सांगायची, "नाटक पाहाचं असते, कराचं नसते."

घरच्यांना कलेची किंमत कळत नाही, असे मीही पुष्कळ दिवस मानत होतो. ते चूक होते. माझ्या बाबांना जुन्या नाटकांची पदे तोंडपाठ आहेत. त्यांचा विरोध पदांना नव्हता. तीन एकर कोरडवाहू धान, वर्षाचे एकच पीक आणि तेही पावसाच्या भरवशावर, अशा घरात महिन्याच्या एक तारखेला येणाऱ्या पगाराचे मोल काय असते, हे ज्याने उधारीवर खत आणले आहे त्यालाच कळते. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. धावणे हा एरवी रिकामटेकड्यांचा उद्योग. पण पोलीस भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण आहेत आणि त्यांतले 20 मुलांच्या 1600 मीटर धावण्याला आहेत, म्हणून तेच धावणे कौतुकाचे ठरते. त्याच पोराने नोकरीचे नाव न काढता नुसते धावपटू व्हायचे म्हटले, तर त्याला बांधावर पाठवतील.

मात्र या हिशेबात एक खोट आहे आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी मला एक वर्ष नागपुरात ठेवले, त्यासाठी एक एकर गहाण पडले, आणि 720 पैकी माझे गुण आले 214. त्या पैशाला गावात कोणी जुगार म्हटले नाही. शिक्षणावर बुडालेला पैसा पुण्यात जमा होतो आणि नाटकावर गेलेला दिवस वाया जातो, अशी आमच्याकडची जमाखर्चाची रीत आहे.

परतल्यावर मी वाद घालणे सोडले आणि शंभर पानी वही घेतली. तारीख, गाव, ठरलेले मानधन, हाती पडलेले मानधन, येण्याजाण्याचा खर्च, असे पाच रकाने आखले. पहिल्या हंगामात 41 रात्री झाल्या. ठरलेले आणि हाती पडलेले यांतले अंतर पाहून माझेच डोळे उघडले. एका कंपनीने शेवटच्या सहा रात्रींचे पैसे पुढच्या दिवाळीवर ढकलले आणि तिथून पुढे विषयच काढला नाही. तेव्हापासून बोलणे होताच रात्रींची संख्या आणि रक्कम मी कागदावर घेतो. हंगामाआधी मोठी उचल घेण्याचा मोह टाळावा, कारण उचल फिटेपर्यंत दुसऱ्या कंपनीचे चांगले काम आले तरी हात बांधलेले राहतात.

2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ती बातमी मी मोठ्या उमेदीने बाबांपुढे धरली होती. त्यांनी ती मन लावून वाचली आणि म्हणाले, "त्यांचे आयुष्य गेले त्यात." वही मात्र त्यांनी शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि एवढेच विचारले की, एप्रिल ते ऑक्टोबरची पाने कोरी का? माझ्या मते नवोदिताने ज्याचे उत्तर तयार ठेवावे असा हा एकच प्रश्न आहे. लोक काय म्हणतील याचे उत्तर नसले तरी चालते.

पदवी सोडू नये. मी बी.ए. केले, पण विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा नेमक्या हंगामात येतात, तेव्हा वेळापत्रक लागताच त्या तारखा कंपनीला कळवाव्यात, ऐनवेळी सांगितल्यास दोन्हीकडे तोंड काळे होते. नाटकांची पत्रके, छायाचित्रे आणि बातम्यांची कात्रणे पहिल्या वर्षापासून जपावीत. पन्नाशीनंतर शासनाच्या ज्येष्ठ कलावंत मानधनासाठी अर्ज करताना कामाचे पुरावे लागतात, आणि आमच्यातल्या कित्येक जुन्या नटांकडे सांगण्यासारख्या आठवणींपलीकडे काहीही नसते. मुलींनी होकार देण्यापूर्वी कपडे बदलण्याची जागा कशी आहे आणि पहाटे घरापर्यंत कोण सोडणार, हे मोकळेपणाने विचारावे. विचारणारीला नखरेल म्हणतात, म्हणू द्यावे.

माझी कोरी पाने अजून पुरती भरलेली नाहीत. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे काम, पावसाळ्यात घरच्या धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आणि सप्टेंबरपासून नव्या नाटकाच्या तालमी, असे सध्या चालले आहे. यंदा जुलैच्या पानावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात "रोवणी, 6 दिवस" अशी नोंद केली आहे. हाती पडलेल्या मानधनाच्या रकान्यात त्यांनी फुली मारली आहे.