लाल कांदा रेल्वेने पाठवायचाय? आधी मान वाळू द्या

बांगलादेशाचा रेक, म्हणजे कांद्याची अख्खी मालगाडी, लागणार अशी कुणकुण लागली, की आपल्याकडं आज उपटलेला कांदा उद्या गोणीत जातो. माल सडतो तो इथंच. ट्रकची ताडपत्री वाटेत उचलून वारा देता येतो, मालगाडीच्या बंद डब्यात ती सोय नाही. भारत-बांगलादेशाच्या गेदे-दर्शना सीमेवर गाडी अडकली तर कांद्याच्या ओल्या मानेतून (पात जिथून फुटते त्या देठातून) पाणी सुटतं, तळच्या गोण्या काळ्या पडतात आणि कापलेली पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याचं पैसे कापून दिलेलं बिल, तुमच्या नावावर येते. 28 डिसेंबर 2020 ला सांगोल्याहून शंभरावी किसान रेल्वे (शेतमालाची खास गाडी) बंगालमधल्या शालिमारला निघाली, तेव्हा भाड्यात 50 टक्के सवलत होती. पण भाडं निम्मं झालं म्हणून ओला माल टिकत नाही.

लाल कांद्याच्या माना उन्हाळी कांद्यासारख्या आपोआप पडत नाहीत. काढणीच्या दोन-तीन दिवस आधी रिकामं पिंप फिरवून त्या पाडा. उपटल्यावर तीन दिवस पातीसकट वाफ्यात ठेवा, एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर येईल असा. मग दोन-अडीच सेंटीमीटर मान राखून पात कापा आणि माल सावलीत पसरा. मान चिमटीत दाबून पिळा. बोटाला ओल लागली, आतला गर सरकला, तर गोणी शिवू नका.

पूर्वेचा दमट वारा सुटला की दोन दिवसांत आभाळ भरतं, हा माझा अंदाज. हवामान खात्याचा इशारा वेगळा बघाच. असा वारा असेल तर काढणी थांबवा. काढलेला माल आजच शेडखाली घ्या. ताडपत्री अंगालगत गुंडाळली तर पावसाआधी घामानंच सडेल.

बाकी कामं:
- पाणी: काढणीआधी 10 ते 15 दिवस बंद
- युरिया: लावणीनंतर 45 दिवसांपुढं नाही
- करपा: मॅन्कोझेब 2.5 ग्रॅम प्रतिलिटर, सोबत स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण). फवारणी ते काढणीतलं अंतर लेबलाप्रमाणे
- जोड कांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), चिंगळी (अगदी बारीक कांदे) वेगळी
- गोणी जाळीदार

दुकानदार आता फुगवणीचं टॉनिक गळ्यात मारेल. घेऊ नका. शेवटी फुगवलेल्या कांद्याची मान जाड राहते, वाळत नाही, हे मी रानोरान बघतोय. तेच पैसे सावलीच्या जाळीला घाला.

आणि रेकच्या भरवशावर सगळं रान एकदम उपटू नका. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली तेव्हा लाल कांदा ऐन बाजारात होता. पाऊस नसेल तर निम्मा आज काढा, निम्मा चार दिवसांनी.