जुनी रॅले पुन्हा रस्त्यावर आणताय? सुटे भाग घेताना या चुका टाळा

1950च्या दशकातली, नॉटिंगहॅमला घडलेली काळी रॅले रोडस्टर सायकल माळ्यावरून खाली उतरली की पहिला मोह होतो तो चकाकीचा. नवं क्रोमचं हँडल, नवी घंटी, नवा दिवा यांवर पैसे उडतात. बेअरिंगचे छर्रे, ते ज्यावर फिरतात तो कोन आणि क्रँक (पेडलचा दांडा) आसाला जखडणारी खीळ, म्हणजे कॉटर, मात्र दुकानदार देईल ते. नेमकं उलटं करा. रंग उडालेलं मडगार्ड चालतं. खड्डे पडलेला कोन चालत नाही, तो नवे छर्रेही खातो.

सगळ्यात जास्त फसगत टायरमध्ये होते. या सायकलीचा 28 × 1½ टायर 635 मिमीच्या रिमवर बसतो. आजच्या हायब्रिड सायकलींच्या टायरवरही 28 लिहिलेलं असतं, पण तो 700सी, म्हणजे 622 मिमीचा. हा 13 मिमीचा फरक टायर चढवायचे लिव्हर लावून भरून निघत नाही (मी दोन लिव्हर मोडून पाहिलेत). टायरच्या कडेला 635 छापलेलं आहे का, तेवढं बघा. महागड्या आयात टायरची गरज नाही; साध्या देशी काळ्या सायकलीचा 28 × 1½ इथे अचूक बसतो.

हलकी म्हणून अ‍ॅल्युमिनियमची रिम घेऊ नका. या सायकलीच्या दांडीच्या ब्रेकचं रबर रिमच्या बाजूला नाही, आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूने टेकतं. त्यासाठी वेस्टवुड घडणीचीच रिम लागते. शिवाय भोकं मोजा: जुन्या ब्रिटिश चाकांना पुढे 32 आणि मागे 40 आरे असतात, नवे हब (चाकाचा मधला तुंबा) बहुधा 36चे.

आता आटे. बहुतेक ब्रिटिश सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटला (फ्रेममध्ये पेडलचा आस बसतो ती जागा) इंचाला 24 आटे, रॅलेच्या स्वतःच्या फ्रेमना 26. चुकीचा कप (तिथे आट्यांवर बसणारी, छर्ऱ्यांची वाटी) एक-दोन फेरे गुमान आत जातो, मग अडतो. तिथे पान्यावर जोर दिलात की फ्रेमचे आटे गेले. म्हणून मूळ कप गुळगुळीत असतील तर तेच ठेवा आणि पाव इंची छर्रे, एका बाजूला 11, सगळे नवे, एकाच पाकिटातले घाला. एवढ्या स्वस्त वस्तूत काटकसर कसली करायची!

पेडल मारताना दर फेऱ्याला 'कट्' असा आवाज येत असेल तर आधी कॉटर तपासा. स्वस्त कॉटर मऊ लोखंडाचा असतो, त्याची सपाट बाजू आठवड्याभरात चेपते. व्यास मोजून घ्या. रॅलेला साडेनऊ मिमीचा लागतो, 9चा त्यात खुळखुळतो. दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घाला, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. आणि नट आवळून कॉटर आत ओढायचा नसतो, त्याने आटेच तुटतात. आधी प्रेसने दाबून बसवा, मग नट लावा. पंधरा-वीस किलोमीटर चालवून तो पुन्हा तपासा.

मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब असेल, तर गिअर निसटतो म्हणून तो काढून टाकू नका. बहुतेक वेळा दोष केबलच्या ताणाचा असतो. आत ग्रीस कोंबू नका, पॉल (आतले छोटे खटके) चिकटतात; पातळ तेल सोडा. हबच्या कवचावरचे कोरीव आकडेही एकदा पुसून वाचा. त्यांत बनावटीचं साल असतं, आणि ते फ्रेमच्या सालाशी जुळलं तर चाक बहुधा मूळचंच आहे.